हँडल कोणाच्या हातात? : कॅमेऱ्याच्या घडणीतील निर्णय



पनवेलच्या या व्याख्यानमालेत माझा विषय आहे कॅमेरा. मात्र फोटो कसे काढावेत हे मी सांगणार नाही. ते सांगणारे या सभागृहातच पुष्कळ आहेत. पावसाळ्यात भल्या पहाटे हातभर लांबीची लेन्स खांद्याला लावून कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याची वाट धरणारी मंडळी मला पुढच्याच रांगांत दिसताहेत. मला बोलायचे आहे यंत्राविषयी. हे यंत्र असेच का? फिल्म ३५ मिलिमीटरच रुंद का झाली? सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवरच का थांबला? कॅमेऱ्यात आरसा का बसवला, आणि साठ-सत्तर वर्षांनी तो काढून का टाकला? या प्रत्येक प्रश्नामागे कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. निर्णय म्हटला की एक मिळवण्यासाठी दुसरे सोडणे आलेच. काय सोडले आणि कोणाच्या सोयीसाठी, हे ज्याला कळते त्याच्या हाती यंत्र येते. ज्याला कळत नाही तो यंत्राच्या हाती जातो. आज एवढेच सांगायचे आहे, पण ते दाखल्यानिशी सांगायचे आहे. आणि दाखले शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबई, कोल्हापूर आणि आपले शेजारचे पेण एवढ्यात ते सापडतात.

सुरुवात मात्र परदेशातूनच करावी लागेल. १८९० च्या आसपास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या सहकाऱ्याने हलती चित्रे टिपणारे यंत्र बांधले. ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मिळत होती. ती मधोमध चिरली की ३५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या मिळत. हातात जे होते त्याचे दोन भाग केले, इतकी साधी गोष्ट. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके पाडली, म्हणजे दातेरी चाक फिल्मला घट्ट पकडून ओढेल. पण एडिसनच्या या यंत्राला विजेची मोटर होती आणि ते कमालीचे जड होते. ते हलवता येत नसे, म्हणून जग त्याच्यासमोर आणावे लागे. नट, पैलवान, डोंबारी, सगळे एडिसनच्या काळ्या रंगाच्या स्टुडिओत येऊन खेळ करून दाखवत.

फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी नेमका उलटा निर्णय घेतला. त्यांनी मोटर काढून टाकली आणि हाताने फिरवायचे हँडल बसवले. शिवणयंत्रात कापड टाक्याटाक्याने पुढे सरकते. तीच कल्पना वापरून त्यांनी नख्या असलेली एक कळ बनवली. ती भोकात अडकते, फिल्म एक चित्रभर खाली ओढते, बाहेर येते आणि पुन्हा वर जाते. नखी बाहेर असते तेवढा वेळ फिल्म निश्चल उभी राहते आणि तेवढ्यातच चित्र उमटते. फिल्म सरकत असताना प्रकाश आत गेला तर सगळा फराटा उमटेल, म्हणून पुढ्यात अर्धी कापलेली गोल तबकडी फिरत ठेवली. शटर ते हेच. सेकंदाला १६ चित्रे घेतली आणि शटर अर्धे उघडे असले की प्रत्येक चित्राला १/३२ सेकंद प्रकाश मिळतो. यंत्र सुमारे पाच किलोचे. तेच चित्र टिपणार, तेच प्रत छापणार आणि मागे दिवा ठेवला की तेच पडद्यावर दाखवणार.

या एका निर्णयामुळे हलती चित्रे हिंदुस्थानात लवकर पोचली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर झालेली कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. एडिसनचे जडशीळ यंत्र असते तर पैलवानांना स्टुडिओत न्यावे लागले असते. हलके यंत्र होते म्हणून कॅमेरा कुस्तीच्या जागी गेला.

आता दादासाहेब फाळके. 'ख्रिस्ताचे चरित्र' हा चित्रपट पाहून त्यांच्या मनात स्वदेशी चित्रपटाची कल्पना कशी शिरली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला त्यांची तयारी महत्त्वाची वाटते. जे. जे. कला शाळा, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा धंदा. त्यात भर म्हणजे ते जादूचे प्रयोग करत, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. रसायन, प्रकाश आणि हातचलाखी या तिन्ही गोष्टी ज्याला येतात असा माणूस विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडनला गेला. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटला, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून आला आणि ५० पौंडांना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन परतला.

हा विल्यमसन कोण? जेम्स विल्यमसन, मूळचा औषधविक्रेता, पुढे चित्रपट करणारा आणि मग कॅमेरे बनवणारा. १९०१ च्या त्याच्या एका लघुपटात चिडलेला माणूस पुढे-पुढे येतो आणि कॅमेराच गिळून टाकतो. ज्याने स्वतः असल्या गमती केल्या होत्या त्याच्या कारखान्यातून निघालेले ते यंत्र होते. उभी लाकडी पेटी, आत फिल्मचे दोन डबे आणि बाजूला हँडल. अशा यंत्रात एक मोठी उणीव असे. चित्रण चालू असताना लेन्समधून नेमके काय दिसते आहे ते कॅमेरामनला कळत नसे. चौकट आणि फोकस आधी ठरवायचे, मग बाजूच्या शोधकातून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, अंदाज घेत हँडल फिरवायचे. फाळक्यांसाठी हे काम त्र्यंबक तेलंग करत.

पण या उणिवांच्या यंत्रात एक संपत्ती होती, ती म्हणजे हँडल. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चित्रे, सेकंदाला दोन फेरे, अशी १६ ची चाल. ही चाल माणसाच्या मनगटावर असल्याने ती मोडता येते. हळू फिरवा, पडद्यावर माणसे धावू लागतील. मधेच थांबा, नटाला बाजूला करा, पुन्हा फिरवा: माणूस अदृश्य झाला. लेन्स झाकून फिल्म मागे घ्या आणि तिच्यावरच दुसरे दृश्य टिपा: देव प्रकट झाला. एका वेळी एकच चित्र घ्या: काळ आखडून हातात आला. लंडनहून परतल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे-थोडे टिपत 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्यांना पटवायला तो पुरेसा ठरला. मोटरच्या ठरीव गतीचे यंत्र असते तर हा वाटाणा असा उगवला नसता. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात शंकर प्रकट होतो तेही याच हँडलच्या कृपेने. जादूगाराच्या हाती नेमके जादूला मोकळीक देणारे यंत्र पडले, आणि ती मोकळीक त्याने ओळखली.

कच्ची फिल्म त्या काळी भोके न पाडताच मिळे. भोके पाडण्याचे यंत्र वेगळे घ्यावे लागे आणि काम अंधारात चाले. ते काम सरस्वतीबाई फाळके करत. हिशेब करून पाहा. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा. फुटाला १६ चित्रे आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडा मिळून ८ भोके, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. ही एका प्रतीची गोष्ट झाली. डिक्सनने अमेरिकेत घेतलेल्या चार भोकांच्या निर्णयाची किंमत दादरच्या एका घरातली गृहिणी रात्री जागून मोजत होती. यंत्राचा कोणताही निर्णय कागदावर संपत नाही, शेवटी तो कोणाच्या तरी हातावर येऊन पडतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला, त्यात या हातांचा वाटा मोजलाच पाहिजे.

फाळक्यांनी यंत्र विकत आणून ओळखले. कोल्हापूरकरांनी ते घडवलेच. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ रंगभूमीचे पडदे रंगवत आणि म्हणूनच 'पेंटर' म्हणून ओळखले जात. सिनेमाचा ध्यास लागला तेव्हा कॅमेरा आपणच बनवायचा असे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. हे दामले मूळ पेणचे, आपल्या रायगड जिल्ह्याचे. पनवेलच्या सभागृहात त्यांचे नाव थोड्या अभिमानाने घेतले तर कोणी रागावणार नाही.

हे काम किती अवघड होते ते आकड्यांत सांगतो. फिल्मवरचे चित्र साधारण २४ मिलिमीटर रुंद. पडदा सहा मीटरचा धरला तर चित्र अडीचशे पटींनी मोठे होते. नखीने एखादे चित्र एक दशांश मिलिमीटर जरी पुढे-मागे थांबवले तरी पडद्यावर ते २५ मिलिमीटर, म्हणजे बोटभर रुंदीने हलते. सेकंदाला १६ वेळा असे झाले तर प्रेक्षक डोळे चोळत घरी जाईल. आराखडा तयार नाही, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, बाहेर महायुद्ध चालू, आणि मोजमाप केसाइतके. मंगलाष्टके म्हणून हे काम होत नसते, त्याला कानस लावावी लागते. याच कॅमेऱ्यावर बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' चित्रित झाला. १९२० मध्ये तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. माणसांचे पुतळे आपण गल्लोगल्ली बसवतो. यंत्राचा मान करणारे गाव विरळा.

ज्याने यंत्र घडवले तो त्याच्या मर्यादेशी भांडू शकतो. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फार दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसत नसे. आकाश पांढरे फटक येई, कुंकू काळे येई आणि आपली सावळी कांती आणखी गडद. म्हणून नटांच्या चेहऱ्यांना फिकट रंग थापत. बाबूराव मुळात चित्रकार, त्यामुळे छाया-प्रकाश त्यांच्या हाताला ठाऊक होता. 'सिंहगड' या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम दिवे वापरले. सूर्यावर अवलंबून असलेले यंत्र त्यांनी रात्रीत नेले.

मग बोलपट आला आणि हँडलवरचा हात सुटला. कारण कानाला फसवता येत नाही. चित्राची चाल थोडी कमी-जास्त झाली तर डोळा सांभाळून घेतो. आवाजाची चाल डगमगली की गाणे बेसूर होते. त्यामुळे एकसारख्या गतीची मोटर आली. फिल्मच्या कडेवर आवाज नीट उमटायचा तर फिल्म पुरेशा वेगाने धावली पाहिजे, आणि वेग वाढवला की फिल्मचा खर्च वाढतो. या ओढाताणीत मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ चित्रे, असा तोडगा ठरला. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ लागली, म्हणून कॅमेरा आधी काचेच्या खोलीत कोंडला, मग त्याला आवाज दाबणारे जाड कवच चढवले. मोकळा फिरणारा कॅमेरा काही वर्षे पुन्हा एडिसनच्या कॅमेऱ्यासारखा जखडला गेला. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा ध्वनीची बाजू दामल्यांनी उचलली. कॅमेरा घडवणारे हात आता आवाजाच्या यंत्राशी झुंजत होते. दामले आणि त्यांचे सहकारी फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या चित्रपटातला साधेपणा भोळेपणाचा नाही. यंत्राची सगळी दुखणी ज्यांना माहीत होती अशा कारागिरांनी तो कमावलेला आहे.

सिनेमाची फिल्म पुढे फोटोच्या कॅमेऱ्यात कशी शिरली तेही ऐका. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धरली आणि १८ गुणिले २४ चे चित्र दुप्पट करून २४ गुणिले ३६ केले. १९२५ मध्ये तो लायका कॅमेरा बाजारात आला. आज लग्नसराईत पनवेलच्या मंगल कार्यालयात जो मुलगा 'फुल फ्रेम' कॅमेरा घेऊन अंतरपाटाशेजारी उभा असतो, त्याच्या सेन्सरचे माप तेच, २४ गुणिले ३६. फिल्म गेली, भोके गेली, पण डिक्सनची चिरलेली पट्टी अजून त्याच्या हातात आहे. निर्णय माणसांपेक्षा जास्त जगतात ते असे.

काही निर्णय हवेनेही घ्यायला लावले. इंग्लंडमधले कारखाने आपल्यासारख्या देशांसाठी 'ट्रॉपिकल' कॅमेरे वेगळे बनवत. त्यांचे लाकूड सागवानी आणि सांधे पितळी पट्ट्यांनी आवळलेले, कारण दमट हवेत नुसता सरस सांधा धरत नाही. आजचे उत्तम कॅमेरे रबरी पट्ट्या लावून पावसाचे पाणी अडवतात, पण ऑगस्टमधली पनवेलची हवा अडवत नाहीत. लेन्समधली बुरशी कोणाला परकी आहे? सिलिका जेलची पुडी आणि कोरडे कपाट हे कॅमेऱ्याचेच सुटे भाग समजा. कारखान्याने दिले नाहीत, आपल्या हवेने मागितले.

आपल्याकडच्या खिशानेही निर्णय घेतले. इथल्या कित्येक घरांच्या माळ्यावर आगफा क्लिक थ्री पडलेला असेल. तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनत असे. १२० नंबरचा रोल, चौकोनी १२ फोटो, आणि प्रकाशासाठी दोनच खुणा: ऊन आणि ढग. कमी पर्याय म्हणजे कमी किंमत आणि कमी चुका. रोल महाग, ऊन फुकट, अशा देशासाठी तो अतिशय समंजस निर्णय होता. आपल्या आई-वडिलांच्या लग्नानंतरच्या महाबळेश्वरच्या फोटोत सगळे जण डोळे बारीक करून उभे असतात, त्याचे कारण हेच. उन्हाकडे तोंड करून उभे राहा, असे यंत्राचे म्हणणे होते.

आरशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. लेन्समधून नेमके काय दिसते ते कळत नाही, ही फाळक्यांच्या काळची अडचण आरशाने सोडवली. आरसा चित्र डोळ्याकडे वळवतो आणि फोटोच्या क्षणी वर उचलला जातो. पण त्याला हालायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागली. निकॉनने १९५९ मध्ये ते अंतर ४६.५ मिलिमीटर ठरवले आणि दशकानुदशके टिकवले, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसावी. कॅननने १९८७ मध्ये उलटे केले. विजेवर चालणाऱ्या फोकससाठी लेन्स बसवायचे तोंडच नवे केले, आणि जुन्या लेन्सा घेतलेले गिऱ्हाईक नाराज झाले. एकाने जुन्या गिऱ्हाइकाचा शब्द पाळला, दुसऱ्याने पुढच्या गिऱ्हाइकाची वाट मोकळी केली. दोघेही आपापल्या जागी बरोबर. शेवटी सेन्सरच पडद्यावर चित्र दाखवू लागला, आरशाचे काम उरले नाही, आणि २०१८ मध्ये निकॉननेही नवे तोंड आणून अंतर १६ मिलिमीटरवर आणले.

आता कर्नाळ्याला जाऊ. तिबोटी खंड्या, आपला जिल्हा पक्षी, पावसाळ्यात तिथे घरटे करतो. मुठीएवढा जीव, वर झाडांची दाट सावली, वरून पाऊस. शटर जलद ठेवावे तर प्रकाश पुरत नाही. लेन्सचे तोंड मोठे उघडावे तर चोच स्पष्ट आणि शेपटी धूसर. संवेदनक्षमता वाढवावी तर चित्रात दाणे. फ्लॅशचा मोह होतो, पण घरट्याजवळ तो मारू नये. ज्याला ही तीन टोकांची ओढ कळते तो काय सोडायचे ते स्वतः ठरवतो. ज्याने यंत्र 'ऑटो'वर ठेवले त्याच्या वतीने ते कारखान्यातल्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते, आणि त्या माणसाने कर्नाळ्याचा पाऊस पाहिलेला नसतो.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये असे ठरवणारे कितीतरी बसले आहेत. त्याच्या सेन्सरवर रंग ओळखण्यासाठी चिमुकल्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी ती आखली, १९७६ मध्ये तिला पेटंट मिळाले. त्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, कारण उजेडाचा बारीकसारीक फरक माणसाच्या डोळ्याला हिरव्यात सर्वांत चांगला कळतो. हा निर्णय शरीरशास्त्राला धरून आहे. पण सगळेच निर्णय असे निष्पाप नसतात. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी अनेक वर्षे एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून वापरत. तिची कांती छान आली की रंग बरोबर. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे डागासारखे येत, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नसल्याची तक्रार केली, तेव्हा कंपनी हलली. लाकडाने मागितले ते मिळाले, माणसांनी मागितले ते उशिरा.

आज फोन चेहरा ओळखतो, उजळतो, कातडी गुळगुळीत करतो. रात्रीचा फोटो म्हणजे भराभर घेतलेल्या अनेक फोटोंची त्याने केलेली बेरीज असते. हे सगळे वाईट आहे असे मी म्हणत नाही. फाळक्यांनीही एकावर एक चित्रे टिपलीच होती. फरक एवढाच की देव कुठे प्रकट व्हायचा ते फाळके ठरवत होते. आपल्या मुलीचा रंग किती उजळायचा हे मात्र आपण ठरवलेले नसते.

म्हणून इथल्या शिक्षकांना आणि फोटोग्राफर मित्रांना एक विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनात कॅमेऱ्याचे तक्ते पुरेत. माळ्यावरचा मोडका क्लिक थ्री मुलांच्या हाती द्या, त्यांना तो उघडू द्या, शटरची स्प्रिंग कशी सुटते ते बोटाने पाहू द्या. पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून कॅमेरा करायला लावा. एकाच सावळ्या चेहऱ्याचा फोटो तीन वेगवेगळ्या फोनमध्ये काढून तिन्ही रंग शेजारी ठेवा, आणि वर्गाला विचारा: यातला खरा कोणता, आणि तो कोणी ठरवला? त्या वर्गात कदाचित एखादा दामले बसलेला असेल. पेण काही फार लांब नाही.

आता प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा.